महिला गटाचा तांत्रिक सल्लागार

३ नोव्हेंबर, सकाळी ७
मशीन आलं. काल संध्याकाळी ट्रॅक्टरमधून उतरवून आमच्या शेडमध्ये ठेवलं. सिमेंटची फरशी आणि कुलूप, दोन्ही असलेली शेड गावात एकच. ती आमची. किल्ली अर्थात माझ्याकडे.
शेंगा फोडायचं मशीन आहे. वर पेटीसारखं तोंड. त्यात भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगा ओतायच्या आणि लांब दांडा पुढे-मागे ढकलायचा. खालच्या जाळीतून दाणे आणि टरफलं पडतात, ती पाखडून घ्यायची. बायकांच्या गटाला योजनेतून मिळालंय. गटात अकराजणी. शिंपीणबाई अध्यक्ष, आमची ही सेक्रेटरी, शेजारची आमची मोठी वहिनी नुसतीच सभासद, पण सगळ्याजणी आधी तिच्या तोंडाकडे बघतात.
एकतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होतो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मशीनबद्दल कुणी मला एक प्रश्न विचारलेला नाही. आता विचारतील.
ठराव: पुढे-पुढे करायचं नाही. मागे राहून मार्गदर्शन करायचं. रोजची टेक्निकल नोंद या वहीत ठेवायची. वही फक्त माझ्यासाठी.

४ नोव्हेंबर, दुपारी १
ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेली मॅडम आमच्या मुलीपेक्षा लहान. कॅनव्हासचे बूट. मी इस्त्रीचा शर्ट घालून शेडच्या दारात उभा होतो, म्हणजे कुणाला शंका आली तर लांब जायला नको.
मॅडमनी विचारलं, मशीन कोण चालवणार? मी घसा साफ केला. मॅडम म्हणाल्या, काका, जरा बाजूला होता का, उजेड अडतोय.
बाजूला झालो. उजेडाचं महत्त्व मलाही मान्य आहे.
अकराजणींनी आळीपाळीनं दांडा ढकलला. शिंपीणबाईला हसू आवरेना. वहिनीनं एकदाच ढकलला आणि खाली पडलेले दाणे ओंजळीत घेऊन बराच वेळ बघत बसली. जाताना मॅडमनी आपला फोन नंबर हिला दिला. मी माझा नंबर मॅडमना दिला. त्यांनी कागद खिशात ठेवला. चांगलं लक्षण.

६ नोव्हेंबर
निरीक्षणं. एक, दांडा ढकलताना बायका बोलतात. दोन, बोलताना थांबतात. तीन, पुन्हा सुरू करताना आधी कुठपर्यंत आलो होतो ते गोष्टीतलं आठवतात, शेंगांमधलं नाही.
शेडच्या दारावर टाइमटेबल लावलं. लाल आणि निळ्या शाईत. कुणी किती मिनिटं ढकलायचं, कुणी ओतायचं, कुणी पाखडायचं. दुपारी बघतो तर टाइमटेबल मशीनच्या एका पायाखाली घडी करून. पाय डुगडुगत होता, असं ही म्हणाली.
म्हणजे कागद कामाला आला.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
प्रॉब्लेम. दाणे फुटताहेत. पसाभर घेतले तर निम्म्यांची डाळ. व्यापारी फुटका माल घेत नाही आणि फुटका दाणा पेरून उगवत नाही.
ही म्हणाली, मॅडमनी आणलेल्या शेंगा मोठ्या होत्या, आपल्या बारीक आहेत, जाळीचीच काहीतरी भानगड असणार. मी तिला समजावलं की हा स्पीडचा प्रश्न आहे. अकरा बायकांचे अकरा स्पीड. पंप कधी असा चालतो का? त्याला एकसारखी गती लागते.
तिनं विचारलं, पंपात शेंगा घालत होता का?
अज्ञानाशी वाद घालू नये. झोपलो.

१० नोव्हेंबर
उपाय सापडला. मोटर.
विहिरीवरची जुनी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर माळ्यावर पडून आहे. मशीनला जोडली की गती एकसारखी, दाणे अख्खे, आणि बायकांचे दंड दुखायचे थांबतील. (शिंपीणबाईला रात्री हात वर करता येत नाही म्हणे.) सगळ्याचा विचार करणारं कुणीतरी हवं.
वेल्डरशी बोललो. त्यानं विचारलं, बायकांना विचारलंय का? त्याला सांगितलं, सरप्राइज आहे. तो म्हणाला, बघा बुवा.
माणूस चांगला आहे, पण दृष्टी नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळी ९
सगळ्याजणी शहरात मीटिंगला गेल्या, जीपनं. संध्याकाळशिवाय येत नाहीत. यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही.
वेल्डर येऊन चाक जोडून गेला. चाकाला दांडा, दांड्याला मशीन. फिटिंग बघून मन भरून आलं. दोन वर्षांनी हाताला ग्रीस लागलं. हात लगेच धुतला नाही.
ट्रायलसाठी चांगला माल हवा. कोपऱ्यात लाल दोरीनं तोंड बांधलेलं पोतं दिसलं. बारीक, पण एकसारख्या, निवडून ठेवलेल्या शेंगा. आदर्श सॅम्पल.

त्याच दिवशी, दुपारी ३
ट्रायल रन नंबर एक. अंशतः यशस्वी.
मोटर चालू झाली. मशीनही चालू झालं. गती अपेक्षेपेक्षा जास्त होती. बंद करायला जरा वेळ लागला, कारण बटण मोटरीच्या पलीकडच्या बाजूला होतं आणि मशीन फरशीवरून माझ्याकडे चालत येत होतं.
पोतं संपलं होतं. खाली टरफलांसकट पीठ. तेलकट. जाळी फाटली, दांडा वाकला.
निष्कर्ष: कंपनीनं हलका पत्रा वापरला आहे. लेखी तक्रार करावी लागेल.

१४ नोव्हेंबर
लाल दोरीचं पोतं वहिनीचं होतं. पुढच्या पेरणीचं बियाणं.
दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, गेल्यापासून वहिनी तेवढा एक तुकडा स्वतः पेरते. दर हंगामात सुगी झाली की उन्हात बसून एकेक शेंग हातानं निवडते. तीन दाण्यांचीच, दोन दाण्यांची नाही. हे मला माहीत होतं. म्हणजे ती निवडते हे माहीत होतं. दोरीचं माहीत नव्हतं. दोरीवर नाव लिहिण्याची पद्धत असती तर हा प्रसंगच आला नसता.
काल जीपमधून उतरून त्या थेट शेडमध्ये आल्या. अकराजणी आत मावल्या. अकरा बायकांना एकाच वेळी गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी कंपनीच्या पत्र्याबद्दल बोललो. मोटरीचं तत्त्व सांगितलं. मग माझंही बोलणं संपलं.
वहिनीनं खाली बसून पिठात हात घातला. चाळून एक अख्खा दाणा काढला. मग दुसरा काढला. एकूण पाच-सहा निघाले. ते तिनं रुमालात बांधले आणि उठली.
मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही वाईट हेतूनं केलं नाही, माहितीये मला. म्हणून तर काही बोलता येत नाही."
तिच्या मनाचा मोठेपणा आहे. पण जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर
बायका पुन्हा हातानं शेंगा फोडायला लागल्या. आमच्याच ओसरीत, अकराजणी गोल करून. सकाळपासून कट, कट, कट. मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली.
मी तिथून गेलो की आवाज तेवढाच राहतो, बोलणं थांबतं. आज सात वेळा गेलो. घर माझं आहे, मी जाणारच.
हिनं दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधल्यात. रोज टरफल रुतून कातडी फाटते, मग तिथंच पुन्हा फोडायचं. शेंगा पाण्यात भिजवल्या तर टरफल मऊ पडतं, असं मी सुचवलं. मागे फिरून न बघता ती म्हणाली, भिजवल्या की बुरशी धरते. पहिल्या दिवशी मॅडमनी तेच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही दारात उभे होता.
उजेड अडत होता म्हणून मला बाजूला केलं होतं. ऐकू कुठून येणार.
कंपनीच्या पत्राचा मसुदा चालू. दोन पानं झाली.

१९ नोव्हेंबर
सकाळी आवाज आला म्हणून बाहेर आलो. बायकांनी मशीन हातगाडीवर चढवलं होतं. वेल्डरकडे नेणार म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे दुरुस्तीचं ड्रॉइंग तयार आहे, स्केल वन इज टु टेन. शिंपीणबाई म्हणाली, राहू द्या, ऊन होईल.
गाडी पुढून वहिनीनं ओढली. चढावर मी मागून हात लावला. आमची ही म्हणाली, तुम्ही नका, पाठ धरेल. काळजी आहे अजून.

२० नोव्हेंबर
वेल्डरकडून समजलं ते लिहितो. हिनं रुमालातून मूठभर शेंगा नेल्या होत्या. जाळीच्या प्रत्येक भोकात शेंग घालून बघितली आणि म्हणाली, हिच्यापेक्षा बारीक जाळी पाहिजे, आणि शेंगा रगडणाऱ्या वरच्या दात्यांपासून जाळी दोन बोटं खाली घ्या. वेल्डरनं विचारलं, मोजून सांगा, दोन बोटं म्हणजे किती? हिनं आपली दोन बोटं त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं त्यावरून मोजलं.
शिंपीणबाईनं दांड्याला आडवा पाइप लावून घेतला. दोघींनी समोरासमोर उभं राहून ढकलायचा. मशीन इकडे-तिकडे जाऊ नये म्हणून खाली लाकडी पाट ठोकला.
ड्रॉइंग नाही. स्केल नाही. वेल्डरला म्हटलं, अशानं इंजिनियरिंग होत नाही. तो म्हणाला, चाललं तर काय म्हणायचं?
चालणार नाही.

२२ नोव्हेंबर
चाललं.
दाणे अख्खे. शंभरात चार-पाच फुटके. मी स्वतः मोजले, तीनदा. तिसऱ्यांदा तीनच निघाले.
दोघी समोरासमोर दांडा ढकलतात आणि बोलतात. बोलताना थांबत नाहीत. जे सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हायचं ते दुपारच्या चहाच्या आत झालं. वहिनी पाखडत होती. तिचा हात असा चालतो की दाणे सुपात राहतात आणि टरफलं आपण होऊन निघून जातात.
विचार केला तर ट्रायल रन नंबर एक झाली नसती, तर मशीन वेल्डरकडे गेलंच नसतं. म्हणजे या सुधारणेचं मूळ कुठे आहे ते उघड आहे. बोलून दाखवणार नाही.
ठराव: मॅन्युअल लिहायचं. नाव: ‘शेंगा फोडणी यंत्र, निगा व दुरुस्ती.’ लेखक म्हणून माझं नाव, खाली ‘तांत्रिक सल्लागार, महिला गट.’ तसा ठराव गटानं अजून केलेला नाही, पण छपाईला वेळ आहे.

२६ नोव्हेंबर, दुपारी
पलीकडच्या गावच्या बायका मशीन बघायला आल्या. चौदाजणी. मॅडमही होत्या. मी कपाटातला कोट काढून घातला. काखेत थोडा उसवलाय, हात खाली ठेवले की दिसत नाही. भाषण दहा मिनिटांचं, तीन मुद्द्यांचं.
सुरुवात आमच्या हिनं केली. मला वाटलं प्रस्तावना आहे. पाऊण तास बोलली. टिपण नाही, कागद नाही. एकेकीला पुढे बोलवून दांडा हातात देत होती. बारीक शेंगांना कोणती जाळी, फुटके वाढले तर काय बघायचं, कुठे तेल सोडायचं. सदतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी सलग पाऊण तास बोललेली मला आठवत नाही. मीही तिला तेवढं बोलू दिल्याचं आठवत नाही, पण तो वेगळा विषय.
त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, मोटर नाही बसवता येत का?
माझे हात वर आले. उसवलेलं दिसलं असणार. वहिनी सुपाकडे बघत होती.
ही म्हणाली, बसवून बघितली होती. फार जोरात चालते, माल खराब होतो. आम्ही काढून टाकली.
आम्ही, म्हणाली. कुणी बसवली ते सांगितलं नाही.
भाषण राहून गेलं. वेळ नव्हता.

३० नोव्हेंबर
गटाची मीटिंग आमच्याच ओसरीत. मी आत बसून होतो, दार किंचित उघडं, वाऱ्यासाठी. सल्लागाराचा ठराव आज येणार असा अंदाज होता.
शिंपीणबाई आत आली. म्हणाली, "दादा, शेडची किल्ली द्या."
मी विचारलं, कशाला? किल्ली सुरक्षित आहे.
म्हणाली, माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे, मशीन तिकडे नेतोय. सगळ्यांना मधोमध पडतं. कुणालाही कधीही येता येईल, तुम्हाला उठवायला नको.
मी म्हटलं, मला उठवल्याचा त्रास होत नाही. ती म्हणाली, तुम्हाला नाही होत.
किल्ली दिली. ठराव बहुधा पुढच्या मीटिंगला.

२ डिसेंबर
शेड रिकामी. झाडून काढली. पुन्हा झाडली.
ही सकाळी जाते, दुपारी जेवायला येते, पुन्हा जाते. चहा मी करतो. दोन कप करतो, एक झाकून ठेवतो. ती तिकडे पिऊन आलेली असते.

४ डिसेंबर
तेलाची बुधली घेऊन शिंपीणबाईच्या खोलीत गेलो. रुटीन इन्स्पेक्शन. मशीनला आधीच तेल घातलेलं होतं. तसाच उभा राहिलो. खोली लहान. कुठेही उभा राहिलो तरी कुणाच्या तरी मध्येच येत होतो.
शेवटी वहिनी म्हणाली, भाऊजी, पोत्याचं तोंड धरता का? दोन्ही हातांनी, रुंद. धरलं. दीड तास धरलं. अकरा पोती. त्या ओतत होत्या, मी धरत होतो. पोतं कसं धरलं की दाणे सांडत नाहीत, याचं एक तंत्र आहे हे लक्षात आलं. मॅन्युअलमध्ये घेता येईल.
वहिनी आपण होऊन माझ्याशी बोलली, ही पहिलीच वेळ त्या दिवसानंतर. पेरणीचं काय करणार, असं विचारायचं मनात होतं. तोंड पोत्यात होतं.

७ डिसेंबर, सकाळी ८
पलीकडच्या गावाला मशीन मिळालं. आपल्या गटानं चार दिवस जाऊन शिकवायचं ठरलं. काल संध्याकाळी बॅग भरली. दोन शर्ट, मॅन्युअलची हस्तलिखित प्रत, पाना, पकड.
आत्ता जीप आली. हिनं तिची पिशवी घेतली, वहिनीनं तिची. बॅग बघून ही म्हणाली, तुम्ही कुठे निघालात?
मी म्हटलं, कुठे नाही. बॅगेला ऊन दाखवतोय.
डाळ-तांदूळ कुठे आहे ते तिनं सांगितलं. गॅस बंद करायचं दोनदा सांगितलं. जीप गेली.

८ डिसेंबर
वेळ आहे तर घरातली तपासणी करावी म्हणून मागच्या खोलीत गेलो. आमच्या बियाण्याचं पत्र्याचं पिंप हलवून बघितलं. हलकं लागलं. झाकण काढलं. रिकामं. तळाला दोन शेंगा.
उंदीर.
झाकण मात्र घट्ट बसलेलं होतं. म्हणजे उंदीर झाकण उघडतात, माल नेतात आणि परत लावून जातात. हुशार जात आहे. टरफल एकही नाही. अख्ख्या शेंगा नेतात.
ही घरात नाही आणि घरचं बियाणं गेलं. ती येण्याआधी छडा लावला पाहिजे. सगळी खोली बाहेर काढली. बीळ सापडलं नाही. पाठ धरली.

९ डिसेंबर, सकाळी
सापळा मागायला शिंपीणबाईकडे गेलो. सगळी हकिकत सांगितली, झाकणाच्या खुणांसकट. ती शिलाई मशीनवर होती. पाय थांबवला. माझ्याकडे बघत राहिली.
म्हणाली, "दादा, तुम्हाला खरंच माहीत नाही?"
मला काय माहीत नव्हतं ते तिनं सांगितलं. चौदा तारखेलाच, म्हणजे ट्रायलच्या दुसऱ्या दिवशी, मी कंपनीच्या पत्राचा मसुदा करत होतो तेव्हा, हिनं पिंप रिकामं करून सगळं बियाणं वहिनीच्या घरी नेऊन दिलं. वहिनी घेत नव्हती. ही पोतं ओतून निघून आली.
सापळा न घेता परत आलो.

१० डिसेंबर, दुपारी ४
ही दोन वाजता आली. चार दिवसांचं काम तीन दिवसांत आवरलं. आवाज बसलेला. ओसरीत भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. मी पाणी दिलं. चहा केला.
म्हणाली, तिथल्या बायका हुशार आहेत, दुसऱ्याच दिवशी जाळी आपली आपण बदलली. त्या गावातही एक रिटायर झालेले गृहस्थ आहेत. पहिल्याच सकाळी विचारत होते, मोटर कधी बसवायची.
मी विचारलं, मग?
म्हणाली, त्यांना पोत्याचं तोंड धरायला लावलंय.
 मी पिंपाचं विचारलं.  ती म्हणाली, "पिंपातलंही तेच वाण होतं. तुमच्या दादांनीच दिलं होतं आपल्याला, लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात. दुसरं देऊन चाललं नसतं."
मी म्हटलं, बरोबर केलंस. पण मला सांगितलं का नाहीस?
"सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी उपाय काढला असता."
रागानं म्हणाली नाही. हवा गार आहे, असं म्हणावं तसं म्हणाली.
मी विचारलं, मग आपण काय पेरायचं? म्हणाली, बघू.
यावर माझ्याकडे दोन योजना होत्या. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.
 चहा अर्धा ठेवून तिथंच भिंतीला टेकून तिला झोप लागली. चपला पायातच होत्या. मी वाकून काढल्या, तिला जाग येणार नाही अशा, आणि बाजूला ठेवल्या.